विश्लेषण : ५६ व्या वर्षी निवृत्ती, त्यानंतर ४८ वर्षं काम… महर्षी कर्वे यांची ‘सेकंड इनिंग’ काय सांगते?

निवृत्तीचा निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न पडतो : आता दिवसभर करायचं काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढच्या नागरिकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. तेव्हापासून ती वाढतेच आहे. त्यामुळे हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक घरातला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यासमोर तो १९१४ मध्ये आला होता.

वय कमी दिसतं म्हणून नकार

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरुडला गेलं. किशोरवयात एका परीक्षेसाठी ते मुरुडहून घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले. पण ते वयाने लहान दिसतात, असं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं गेलं नाही. वयाने दिलेला हा पहिला धक्का. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून गणित घेऊन ते १८८४ मध्ये पदवीधर झाले. १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई यांचं निधन झालं. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे. या लग्नामुळे गावाने बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो नंतर पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेज आणि आश्रम यांमधली वाट ते अनेक वर्षं पायी तुडवत असत, पावसाळ्यात चिखलातूनही.

निवृत्तीनंतर काय केलं?

१९१४ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यानंतरचा आलेख असा :

- ५८ व्या वर्षी (१९१६) : महिला विद्यापीठाची स्थापना. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. सुरुवातीला महाविद्यालयात बोटांवर मोजण्याइतक्याच विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. तेच आजचं एसएनडीटी.
- सत्तरी पार (१९२९ पासून) : युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा. त्यानंतर आफ्रिका. सगळीकडे स्त्रीशिक्षणाची माहिती देणं आणि निधी गोळा करणं.
- ७८ व्या वर्षी (१९३६) : महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. ज्या खेड्यांत शाळाच नाही, तिथे शाळा काढण्यासाठी. या कामासाठी ते स्वतः दारोदार फिरून छोट्या-छोट्या वर्गण्या जमा करत.
- ८६ व्या वर्षी (१९४४) : जातिभेदाविरोधात समता संघ.

विद्यापीठाला सरकारी कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

हे फक्त नशीब होतं का?

दीर्घायुष्यात नशिबाचा वाटा असतोच. शंभरी गाठण्याचं सूत्र कुणाकडेच नाही. मात्र म्हातारपण कसं जातं, यात काही गोष्टी हातात असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ‘सक्रिय वार्धक्या’ची मांडणी करताना तीन आधार सांगितले : आरोग्य, सहभाग आणि सुरक्षा. या चौकटीत कर्वे यांचं आयुष्य ठेवून पाहता येतं.

आरोग्य : चालणं ही त्यांची आयुष्यभराची सवय होती, साठीनंतर लागलेली नाही. आजच्या शिफारशींनुसार ६५ वर्षांपुढच्या व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. पडण्याचा धोका टाळण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. आजार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सहभाग : प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याकडे घराबाहेर पडण्याचं कारण होतं. विशेष म्हणजे वयानुसार त्यांनी कामाचं स्वरूप बदललं. आधी वर्गात शिकवणं, मग संस्था उभारणं, मग वर्गणी आणि विचारांचा प्रसार.

सुरक्षा : ही बाजू सहसा सांगितली जात नाही. कर्वे यांनी आपली विमा पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली होती. त्यामुळे घराच्या भवितव्याची चिंता बायांना करावी लागली. निवृत्तीनंतर त्यांना पेन्शनचा आधार होता आणि घर बायांनी सांभाळलं होतं. म्हणजेच एकाच्या सक्रिय म्हातारपणामागे दुसऱ्या कुणाचे तरी कष्ट होते. आजही अनेक घरांत आजोबा निवृत्त होतात, आजी मात्र होत नाहीत. ज्येष्ठांसाठीच्या योजना आखताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

दुःखाचं काय?

जास्त जगणं म्हणजे जवळची माणसं आधी जाताना पाहणंही असतं. १९५० मध्ये बाया गेल्या, तेव्हा कर्वे ९२ वर्षांचे होते. १९५३ मध्ये थोरले चिरंजीव, संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांचं निधन झालं. वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांना हा घाव सोसावा लागला. मात्र त्यांच्याभोवती कुटुंब होतं, हिंगण्याची संस्था होती, माजी विद्यार्थिनी होत्या. एकटं पडलेल्या ज्येष्ठांकडे आज नेमकं हेच नसतं. अशांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ हेल्पलाइन उपलब्ध आहे.

१९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न देऊन कर्वे यांचा गौरव झाला. त्याच वर्षी, ते हयात असतानाच, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

फर्ग्युसनमध्ये त्यांनी २३ वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतरचा काळ त्याच्या दुपटीहून मोठा ठरला. प्रत्येकाला विद्यापीठ काढायचं नसतं. पण सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवणं, वाचनालयात दोन तास बसणं किंवा कुणाचे बँकेचे अर्ज भरून देणं, यांतलं काही ना काही जमू शकतं. आणि घरातल्यांनाही एक गोष्ट जमू शकते : ‘आता तुम्ही काही करू नका’ असं म्हणण्याआधी, काय करायला आवडेल हे त्यांना विचारणं.