परळचे पहिले गुरुजी

बोईसर-तारापूर म्हटले की आज अणुवीज केंद्र आणि कारखान्यांची वसाहत डोळ्यांपुढे येते. मुंबईशी या भागाचे जुने नाते मात्र गवताचे. १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग पुरा झाला आणि पालघर-डहाणूच्या माळांवरचे गवत शहरातल्या तबेल्यांपर्यंत सहज पोचू लागले. १८७४ पासून तर ट्रामही घोडेच ओढत होते. एवढी जनावरे एका शहरात. पण ती आजारी पडली की औषध द्यायला कोण? पांजरपोळ होती, १८३४ पासूनची. तिथे आसरा मिळे. उपचार ही गोष्ट निराळी.

ती उणीव १८८३ साली परळला भरून निघाली. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. आणि २ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे होते.

स्टील यांचा जन्म १८५५ चा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातून विसाव्या वर्षी पदवी, थोडी लष्करी चाकरी, मग त्याच कॉलेजात शरीररचनेचे अध्यापन. तिथेच राहते तर आयुष्य सुखाचे गेले असते. पण १८८२ साली ते पुन्हा लष्करात शिरून हिंदुस्थानात आले. बैलाच्या रोगांवरचे त्यांचे पुस्तक आधीच निघाले होते. इथे आल्यावर हत्ती, उंट, कुत्रा, मेंढी यांच्यावरही त्यांनी लिहिले. विलायतेतल्या विद्यार्थ्याला घोडा आला म्हणजे पुष्कळ झाले. इथे तेवढ्याने भागणार नव्हते.

१८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे एका तापाने पटापट मरू लागली, तेव्हा तपासाला स्टील गेले. खेचरांच्या रक्तात त्यांना वळवळणारा एक सूक्ष्म जीव दिसला. पाच वर्षांपूर्वी पंजाबात ग्रिफिथ इव्हान्स यांना ‘सर्रा’ झालेल्या घोड्यांत व उंटांत दिसलेलाच तो. स्टील यांनी त्याची जात चुकीची ठरवली, हे खरे. पण नाव देताना स्वतःचे न देता इव्हान्स यांचे दिले. माणूस कळायला मला एवढे पुरे वाटते.

असा माणूस परळला शिकवू लागला. त्यांच्या कॉलेजचे खरे भांडवल म्हणजे शेजारचे इस्पितळ. रवंथ थांबलेल्या बैलाची डावी कूस मुठीने दाबून पाहायची, घोड्याची नाडी जबड्याखाली चाचपायची, लंगडणाऱ्या जनावराचा खूर हातात धरायचा, तोही लाथ न खाता. रोगी बोलत नाही; बोलतो तो मालक, आणि तोही अर्धेच सांगतो. हे वहीतून कसे शिकणार? त्यात ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून हिणवणारा तो काळ. शिकल्यासवरल्या घरातल्या मुलाने शेणात हात घालायचा म्हणजे आधी घरच्यांची समजूत घालणे आले.

पाच वर्षेही झाली नव्हती, तोच १८९१ च्या प्रारंभी मुंबईतच स्टील गेले. वय पस्तिशीच्या आसपास. इंग्लंडातल्या पशुवैद्यांनी त्यांच्या नावे पदक सुरू केले. परळला मात्र वर्ग चालू राहिले.

पुढे ट्रामचे घोडे गेले, शहरातले बहुतेक गोठेही हलले. दुधाळ म्हशींसाठी डहाणूजवळ दापचरीला वसाहत झाली. महाविद्यालय आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि २००० नंतर नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठात गेले. आताच्या साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष जनावरांपाशी काढावे लागते. पालघरच्या मुलाला वा मुलीला पशुवैद्य व्हायचे, तर राज्यातले सर्वांत जवळचे महाविद्यालय परळचेच. आणि साकरबाईंच्या नावाचे इस्पितळही त्याच परिसरात आहे.