माळव्याचा मराठी गीतकवी : भा. रा. तांबे

पेशव्यांच्या काळात शिंदे, होळकर आणि पवार यांच्या फौजांबरोबर जी मराठी कुटुंबे नर्मदा ओलांडून उत्तरेकडे गेली, त्यांपैकी पुष्कळ तिकडेच स्थायिक झाली. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, झाशी या गावांतून त्यांचे वाडे उभे राहिले. बाहेर बाजारात हिंदी आणि घरात देवापुढे मराठी, अशी त्यांची रीत पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. मराठीतील एक थोर गीतकवी याच जगात जन्मला, वाढला आणि तेथेच त्याने देह ठेवला. ते म्हणजे भास्कर रामचंद्र तांबे.

तांबे यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली या गावी झाला. शिक्षण झाशी आणि देवास येथे झाले. ज्या झाशीत त्यांचे बालपण गेले, तेथील राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे आडनावही तांबेच. राणीच्या बलिदानाची स्मृती त्या भागातील घराघरांत जागती होती. पुढे ग्वाल्हेरातील तिच्या समाधीवर त्यांनी लिहिलेली कविता अनेक पिढ्यांनी मुखोद्गत केली.

१८९३ साली अलाहाबाद विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. परंतु महाविद्यालयीन शिक्षण पुरे होऊ शकले नाही. जी विद्या पदवीच्या रूपाने मिळाली नाही, ती त्यांनी वाचनाने मिळविली. संस्कृत काव्य, हिंदी-उर्दूतील रसिली रचना, इंग्रजी कवी टेनिसन आणि ब्राउनिंग, तसेच रवींद्रनाथ ठाकूर यांचा त्यांनी मनःपूर्वक अभ्यास केला. देवासच्या राजघराण्यात शिक्षक म्हणून आणि त्यानंतर मध्य भारत व राजपुतान्यातील संस्थानांत निरनिराळ्या पदांवर त्यांनी नोकरी केली. त्यांच्या कवितांखाली देवास, इंदूर, अजमेर, प्रतापगड, लष्कर-ग्वाल्हेर अशी स्थळे नोंदलेली आढळतात. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून शेकडो मैल दूर राहून, आजूबाजूला मराठी वाचक मोजकेच असताना, हा मनुष्य मराठीत लिहीत राहिला.

तांब्यांच्या कवितांच्या माथ्यावर अनेकदा रागाचे वा चालीचे नाव असे. शब्द कानाने ऐकावेत, गळ्यातून उमटावेत, ही त्यांची धारणा त्यातून दिसते. ग्वाल्हेर तर ख्यालगायकीचे माहेरघर. त्या वातावरणात कविता आणि गाणे यांच्यामधली भिंत त्यांना कधी जाणवलीच नसावी. त्यांच्या गीतांत बहुधा कोणीतरी एक व्यक्ती आपले मन उघडे करते. सासरच्या उंबरठ्यावर पाऊल अडखळणारी वधू, निजलेल्या तान्ह्यावरून दृष्टी न काढणारी आई, मनातल्या मनात जळणारी हिंदू विधवा, मावळत्या सूर्याला अखेरचे अर्घ्य देणारा वृद्ध. ही माणसे वाचणाऱ्याच्याच घरातली होती. म्हणून ती गीते ऐकताना ज्याला त्याला आपलेच काही आठवे : कोणाला सोडून आलेले माहेर, कोणाला न परतलेला आप्त. ‘नववधू’सारख्या गीतात परमात्म्याच्या भेटीला आतुर आणि तरीही भ्यालेला जीव रसिकांनी पाहिला, आणि ज्यांनी तो अर्थ पाहिला नाही, त्यांचेही डोळे पाणावलेच.

इतके लिहूनही ग्रंथरूपाने त्यांची कविता फार उशिरा लोकांपुढे आली. पहिला संग्रह १९२० साली प्रा. वा. गो. मायदेव यांनी संपादित केला, तेव्हा कवीचे वय सेहेचाळीसच्या पुढे गेले होते. दुसरा संग्रह १९२७ साली सिद्ध झाला. समग्र कविता १९३५ साली प्रसिद्ध झाली. दूरदेशीच्या या कवीला महाराष्ट्राने मग आपलेसे केले. गोव्याच्या बा. भ. बोरकरांनी त्यांना गुरुस्थानी मानले, आणि मराठी कवितेत तांबे संप्रदाय असा शब्दप्रयोग रूढ झाला. ग्वाल्हेर संस्थानाने त्यांना राजकवीचा मान दिला.

आपल्या पश्चात जग क्षणभर हळहळेल आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागेल, हा विचार तांब्यांनी एका गीतात शांतपणे मांडला आहे. त्यात तक्रार नाही; तारे उगवतील, मेघ वर्षतील, शेते पिकतील, याचा निर्मळ स्वीकार आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेर येथे ते निवर्तले.

परंतु त्यांच्या बाबतीत ते भाकीत खरे ठरले नाही. इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी तांब्यांची गीते गाइली. काहींना वसंत प्रभूंनी चाली दिल्या, काहींना हृदयनाथ मंगेशकरांनी. माळव्याच्या कवीचे शब्द माळव्यातच जन्मलेल्या गळ्यातून आकाशवाणीवर आले आणि ज्या घरांत कवितेचे पुस्तक कधी उघडले गेले नव्हते, तेथेही पोहोचले. विस्मरणाविषयी लिहिलेले ते गीतच आज घरोघरी गेलेल्या माणसांची आठवण काढताना लावले जाते.

मुलांना खेळायला बोलावणारे तांब्यांचे बालगीत तर मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या म्हटले गेले. ते म्हणणाऱ्या मुलाला कवीचे नाव ठाऊक असतेच असे नाही. मोठेपणी, परमुलखात, कधी अचानक ती चाल कानी पडली, की वर्ग, फळा आणि शेजारी बसणारा सोबती डोळ्यांपुढे उभे राहतात. मराठी मुलखाबाहेर सारे आयुष्य काढलेल्या या कवीने आपल्या भाषेला दिलेली देणगी ती हीच.