गालाच्या आतली गोष्ट : डॉ. वसंत रामजी खानोलकर

शाळेच्या प्रयोगशाळेत गालाच्या आतल्या पेशी तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या असतील. त्या चपट्या पेशी म्हणजे अभिस्तर ऊतीचा वरचा थर. अशाच ऊती पारखण्यात डॉ. खानोलकरांनी आपली हयात घालविली.

त्यांचा जन्म १८९५ सालचा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवून ते मुंबईस आले व वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवू लागले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. रुग्णाच्या तोंडातील ऊतीचा तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात, रंगवतात व मग पाहतात. निरोगी ऊतीत पेशींचे थर शिस्तीने रचलेले असतात. कर्करोगात पेशी ती शिस्त मोडून खालच्या संयोजी ऊतीत घुसतात.

पण रोग ओळखून ते थांबले नाहीत. तो कशामुळे होतो, हेही त्यांनी शोधले. १९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि तंबाखू चघळण्याच्या सवयीकडे बोट दाखविले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली कर्करोग संशोधन संस्था आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे.

पालकहो, काचपट्टी पाहून आलेल्या मुलाने घरातल्या तंबाखूच्या डबीविषयी विचारले, तर त्याला गप्प करू नका. इल्म घरात आला, की पहिला प्रश्न मोठ्यांनाच विचारतो.