छत्रपती राजाराम महाराज (दुसरे)

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) (१८५० – ३० नोव्हेंबर १८७०) हे करवीर अर्थात कोल्हापूर संस्थानचे अधिपती होते. युरोपच्या प्रवासातून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. तेथे नदीकाठी उभारलेल्या छत्रीमुळे त्यांचे नाव मुख्यत्वे ओळखले जाते. राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज (तिसरे) हे वेगळे. नामसाम्यामुळे या दोघांची गल्लत वारंवार होते.

दत्तकविधान आणि राज्यकारभार

त्यांचे मूळ नाव नागोजीराव, आडनाव पाटणकर. छत्रपती शिवाजी महाराज (बाबासाहेब) यांना पुत्रसंतती नव्हती. त्यांनी १८६६ साली मृत्यूपूर्वी नागोजीरावांना दत्तक घेतले. नवे छत्रपती अल्पवयीन असल्याने सत्तेची सूत्रे इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या हाती राहिली. महाराजांना इंग्रजीचे शिक्षण देण्यात आले व त्यात त्यांनी चांगली गती दाखविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयास त्यांचेच नाव आहे.

युरोपचा प्रवास

१८७० च्या उन्हाळ्यात महाराज इंग्लंडला निघाले. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानण्याच्या त्या काळात गादीवर असलेल्या हिंदू राजाने असे जाणे ही साधी गोष्ट नव्हती. कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे त्यांच्यासोबत होते. लंडनमध्ये महाराजांनी पार्लमेंटचे कामकाज पाहिले व राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील नोंदी बहुधा त्रोटक आहेत. तरीही विशीतल्या राजाचे कुतूहल त्यांतून दिसते, आणि एका मराठी संस्थानिकाने स्वतः लिहिलेले युरोपचे वर्णन म्हणून तिचे मोल मोठे आहे.

निधन आणि अंत्यसंस्कार

परतीच्या वाटेवर ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे महाराज आजारी पडले. तशा अवस्थेत त्यांना फ्लॉरेन्सला आणण्यात आले. हे शहर तेव्हा इटलीची राजधानी होते. तेथेच वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्या काळी इटलीत दहनाची रूढी नव्हती. त्यामुळे छत्रपतींचा अंत्यविधी परक्या भूमीत स्वधर्मानुसार कसा व्हावा, हा मोठाच पेच सोबतच्या मंडळींपुढे उभा राहिला. अखेर अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली आणि शहराबाहेर कास्चिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर, चंदनादी सामग्रीसह दहन झाले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाला पवित्र मानणाऱ्या मुलखातील माणसांनी संगमच निवडावा, हे स्वाभाविकच होय.

स्मारक

दहनस्थळी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा व टाउन हॉल ही त्यांचीच कामे. छत्रीखालील रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरलेले आहेत. युरोपीय उद्यानात भारतीय घाटाची अशी छत्री क्वचितच आढळते.

महाराजांना पुत्र नसल्याने १८७१ मध्ये गादीवर पुन्हा दत्तक आले. ते छत्रपती शिवाजी महाराज (चौथे) यांचाही १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात करुण अंत झाला आणि १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले.

फ्लॉरेन्सचे रहिवासी स्मारकाला नुसते 'इंदियानो' म्हणजे 'भारतीय' म्हणतात. १९७० च्या दशकात शेजारी आर्नोवर बांधलेल्या पुलालाही तेच नाव मिळाले.