नऊ पौंडांचा पियानो

१९७१ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडात घरोघरी एक गाणे वाजत होते. गाण्याचे नाव ‘गेट इट ऑन’, गाणारा मार्क बोलन आणि त्याच्या वाद्यवृंदाचे नाव टी. रेक्स. बीटल्स आपल्याकडे जेवढे ठाऊक, तेवढा हा गृहस्थ ठाऊक नाही. पण सॅटिनचे कपडे, चेहऱ्यावर चमकी असा थाट मिरवणारी ‘ग्लॅम रॉक’ची जी लाट तिकडे आली, तिचा हा पहिला नायक.

त्याचे मूळ नाव मार्क फेल्ड. जन्म ३० सप्टेंबर १९४७चा, लंडनच्या हॅकनी भागातला. वडील लॉरी चालवत, आई बाजारातल्या स्टॉलवर काम करी. अशा घरात नवव्या वर्षी पोराच्या हाती गिटार आली. पुढे १९६७मध्ये एका जोडीदाराला घेऊन, मांडी घालून, तो पऱ्यांची आणि जादूगारांची गाणी गाऊ लागला. ऐकणारे मोजकेच होते. नंतर त्याने विजेवरची गिटार उचलली आणि नशीब पालटले. १९७१मध्ये ‘हॉट लव्ह’ पहिल्या क्रमांकावर गेले. बीबीसीवर ते गाताना त्याच्या गालांवर चमकी होती. पोरांना तेवढे पुरे झाले!

‘गेट इट ऑन’ची चाल त्याला चक बेरीच्या एका जुन्या गाण्यावरून सुचली. ध्वनिमुद्रणाला रिक वेकमन हा तरुण पियानोवादक आला होता. त्याला घरभाड्याची चणचण होती. खरे तर या गाण्यात पियानोची फारशी गरजच नव्हती. पट्ट्यांवरून सर्रकन हात फिरवायचा, एवढेच काम. त्याचे त्याला ९ पौंड मिळाले. गाणे चार आठवडे अव्वल राहिले. अमेरिकेत त्याच नावाचे दुसरे गाणे असल्याने तिथे नाव बदलावे लागले, तरी तेथेही ते पहिल्या दहांत पोचले.

मोटारींवर इतकी गाणी लिहिणारा हा माणूस स्वतः गाडी चालवायला कधीच शिकला नाही. १६ सप्टेंबर १९७७च्या पहाटे लंडनच्या बार्न्स भागात त्याची मोटार झाडावर आदळली. गाडी त्याची सहचरी चालवत होती. ती वाचली, तो गेला. तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. मुलाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे पुढची हकीकत मनाला अधिक लागते. मुलाच्या आईशी त्याचे लग्न झालेले नव्हते आणि मिळकत परदेशी कंपन्यांच्या कागदांत गुंतलेली. लेकराच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही. त्याच्या शिक्षणाला हातभार लावला तो डेव्हिड बोवीने, मार्कच्या जुन्या मित्राने आणि प्रतिस्पर्ध्याने. वेकमनचे ९ पौंड मात्र त्याच्या हातात पडले होते, भाडेही भागले होते.

२०२०मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये टी. रेक्सचा समावेश झाला. आज रविवार आहे, हे गाणे जरूर ऐका. पियानोचा तो झपाटा कानांनी टिपा. आणि उद्या सोमवारी, आपल्या खात्यावर नॉमिनेशन केलेले आहे ना, तेवढे पाहून घ्या.