दासोपंत : अंबाजोगाईचे देवघर आणि पासोडी

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दुहेरी मान आहे. आद्यकवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी येथे आहे, आणि एकनाथकालीन ग्रंथकार दासोपंत यांचे वास्तव्यही येथेच होते. दासोपंतांच्या परंपरेतील ‘थोरले देवघर’ आणि ‘धाकटे देवघर’ या वास्तू आजही गावात आहेत. भाविक तेथे दत्तदर्शनासाठी जातात. मराठीच्या अभ्यासकाला तेथे एका ग्रंथकाराचे घर भेटते.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ (इ.स. १५५१) मध्ये बेदरच्या राज्यातील नारायणपेठ येथे देशपांडे घराण्यात झाला. परंपरेने सांगितलेली कथा अशी : दुष्काळात वडील दिगंबरपंत यांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली. वसूल थकला, तेव्हा बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले. मुदतीत रक्कम न आल्यास त्यांचे धर्मांतर होणार होते. अखेर ती भरली गेली आणि मुलगा सुटला. ती भरणारा प्रत्यक्ष दत्त होता, अशी श्रद्धा आहे. पुढे त्यांनी घर सोडले. माहूर, गोदाकाठचे राक्षसभुवन आणि शेवटी अंबाजोगाई, असा त्यांच्या साधनेचा मार्ग सांगितला जातो.

अंबाजोगाईत त्यांनी अफाट लेखन केले. भगवद्गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णव’ या टीकेची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’ आणि ‘पदार्णव’ ही त्यांची अन्य नावाजलेली रचना होय.

भाषेच्या अभ्यासकाला ‘गीतार्णवा’तील मराठीचे समर्थन विशेष महत्त्वाचे वाटते. संस्कृतचा अभिमान बाळगणाऱ्यांना दासोपंत कुंभाराच्या आव्याकडे नेतात. संस्कृतात ज्याला घट म्हणून भागते, त्याचे डेरा, रांजण असे अनेक प्रकार मराठी वेगवेगळ्या नावांनी ओळखते. मग एका ‘घट’ शब्दाने त्या प्रत्येकाचा बोध कसा व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मराठी गोड आहे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ती नेमकी आहे, हे ते दाखवून देतात. शब्दाची योग्यता त्याच्या वापरावरून ठरवण्याची ही दृष्टी आजच्या भाषाविज्ञानालाही जवळची आहे.

घरगुती वस्तूवरचा हाच विश्वास ‘पासोडी’त दिसतो. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती वस्त्र. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी आणि देह कसा घडतो हा वेदान्तविषय, ओव्या आणि आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. पोथी पानापानाने उलगडते. पासोडी पसरली की विषयाची मांडणी एकत्र नजरेस येते. तत्त्वांचे परस्परसंबंध दाखवण्यास हे माध्यम सोयीचे होते, असे म्हणता येते.

दासोपंतांनी शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीला देह ठेवला. बहुतेक पुस्तके इ.स. १६१५ हे साल देतात. मात्र माघ हा शकवर्षाच्या अखेरीकडचा महिना असल्याने इ.स. १६१६चा प्रारंभ म्हणणे अधिक काटेकोर ठरते. गावात त्यांची समाधी आहे.

चार शतके ही पासोडी टिकली, ती प्रामुख्याने पूज्य वस्तू म्हणून जपली गेल्यामुळे. परंतु ज्या कारणाने ती वाचली, त्याच कारणाने ती वाचकांपासून दूरही राहिली. कापड विरते, शाई फिकी होते. मजकूर टिकतो तो वाचणाऱ्यांमुळे. विद्यार्थी मित्रांनो, अंबाजोगाईला गेलात तर देवघरात अवश्य जा. तेथे हात जोडताना, पासोडी हा आपल्या अभ्यासक्रमातल्या भाषेत लिहिलेला एक ग्रंथ आहे, हे ध्यानात असू द्या. आणि परतल्यावर आपल्या घरात, शेतात किंवा कामाच्या ठिकाणी भांड्यांना असलेली नावे लिहून काढा. दासोपंतांचा युक्तिवाद तपासण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.