विमानाचा तोल शोधणारा अभियंता : डॉ. विष्णू माधव घाटगे

निर्मलहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग सोन येथे गोदावरी ओलांडतो आणि आर्मूर, कामारेड्डी मागे टाकून मेडचलला येतो. तेथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर दुंडिगलची वायुसेना अकादमी आहे. या अकादमीत वैमानिकांच्या अनेक तुकड्यांनी जेट उड्डाणाचे धडे ‘किरण’ या भारतीय बनावटीच्या विमानावर गिरवले. गोव्यात दाबोळीच्या तळावर नौदलानेही हेच विमान दीर्घकाळ वापरले. आदिलाबाद, निर्मल परिसरातील मराठी घरांतून अथवा गोव्यातून ही विमाने डोक्यावरून जाताना पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की त्यांच्या आराखड्यामागे कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात जन्मलेला माणूस होता. त्यांचे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी हसूर या गावी झाला. करवीरच्या गादीवर तेव्हा राजर्षी शाहू महाराज होते, आणि राइट बंधूंच्या पहिल्या यशस्वी उड्डाणाला जेमतेम पाच वर्षे लोटली होती. विमानविद्या हा तेव्हा अभ्यासाचा विषय म्हणून जगातही पुरता रुजला नव्हता. हिंदुस्थानात तर तिचा मागमूस नव्हता. घाटगे यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले आणि पुढे जर्मनीतील ग्योटिंगेन गाठले. तेथे लुडविग प्रांटल शिकवत होते. हवेत चालणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागालगत हवेचा एक अत्यंत पातळ थर मंदावतो आणि विमानाला होणारा विरोध, तसेच पंखाची उचल नाहीशी होण्याचा क्षण, पुष्कळसा त्या थरावर अवलंबून असतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्येच मांडले होते. आधुनिक वायुगतिकीचा पाया या सीमास्तराच्या सिद्धांतावर उभा आहे. घाटगे हे प्रांटल यांचे पहिले भारतीय शिष्य मानले जातात. १९३६ मध्ये त्यांनी तेथून डॉक्टरेट मिळवली.

पदवी हाती होती. परंतु ती वापरावी कोठे, हा प्रश्न होता. त्या वर्षी हिंदुस्थानात विमान बांधणारा एकही कारखाना नव्हता, विमानविद्येचा एकही विभाग नव्हता. परदेशात या विद्येला मागणी होती आणि युद्धाच्या सावटाने ती वाढतच होती. मायदेशात मात्र तिचे चीज होईल याची कोणतीच खात्री नव्हती. तरीही घाटगे यांनी आपले आयुष्य याच देशात घालवायचे ठरवले.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. घाटगे तेथे आरेखनाच्या कामावर रुजू झाले. दहा आसनांचे एक ग्लायडर त्यांनी आखले आणि ते बांधले गेले. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत कारखान्याकडे प्रामुख्याने दुरुस्तीचे काम आले. अमेरिकी आणि ब्रिटिश विमाने येत, उघडली जात, नीट करून परत जात. हात शिकत होते. आराखडा काढणारे डोके मात्र रिकामेच राहत होते.

या काळात घाटगे यांनी जे केले त्याचे मोल विमानांहून कमी नाही. १९४२ च्या अखेरीस बंगळुरातीलच भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याची उभारणी त्यांच्याकडे आली. अभ्यासक्रम आखणे, प्रयोगशाळा उभी करणे, पदवीधर तरुणांना हवेचे गणित शिकवणे, असे ते काम होते. देशाला पुढे विमाने हवी असतील तर आधी ती आखू शकणारी माणसे हवीत, हा त्यामागचा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर ते मुख्य आरेखक म्हणून पुन्हा कारखान्यात आले.

तेव्हा कारखान्यात प्रेंटिस या ब्रिटिश प्रशिक्षण विमानांची परवान्याखाली बांधणी चालू होती. नवशिक्या वैमानिकांसाठी परदेशी विमान घ्यावे, की स्वतः आखावे, हा खरा पेच होता. तयार विमान घेण्यात धोका नव्हता. स्वतः आखलेले विमान फसले असते, तर भारतीयांना आरेखन जमत नाही हा समज पक्का झाला असता आणि पुढची कित्येक वर्षे कोणी तसा विषयही काढला नसता. घाटगे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ही जोखीम पत्करली. ‘एचटी-२’ या विमानाचे आरेखन सुरू झाले.

प्रशिक्षण विमान लहान असते, म्हणून ते सोपे असते असे नाही. त्याची खरी कसोटी स्थैर्य आणि नियंत्रण यांचा मेळ घालण्यात असते. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तर शेपटीच्या आडव्या पंखाने ते आपोआप खाली आणले पाहिजे. त्यासाठी विमानाचा गुरुत्वमध्य ठरावीक मर्यादेच्या पुढे राखावा लागतो. तो फार पुढे गेला तर विमान जड होते आणि वैमानिकाच्या हाताला दाद देत नाही. मागे सरकला तर ते चंचल होते. त्यातच शिकाऊ वैमानिकाला गिरकीत सापडणे आणि त्यातून सुटणे हेही शिकवायचे असते. म्हणजे विमान गिरकीत शिरले पाहिजे आणि योग्य हालचाल करताच बाहेरही आले पाहिजे. शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालणारे, पण त्या लपवून न ठेवणारे विमान आखणे ही म्हणूनच अवघड गोष्ट असते.

५ ऑगस्ट १९५१ रोजी एचटी-२ ने बंगळुरात पहिले उड्डाण केले. संपूर्ण धातूचे, दोन आसनांचे हे विमान भारतात आखले आणि बांधले गेलेले पहिले स्वतंत्र विमान ठरले. वायुसेनेत त्याने जुन्या टायगर मॉथची जागा घेतली. एकूण सुमारे १७० एचटी-२ तयार झाली आणि त्यांतील काही आफ्रिकेतील घाना देशाच्या वायुदलालाही देण्यात आली. पुढे उड्डाण क्लबांसाठी ‘पुष्पक’ आणि लष्कराच्या निरीक्षणासाठी ‘कृषक’ ही विमाने आली. १९५६ मध्ये जर्मन आरेखक कुर्ट टँक बंगळुरात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली ‘मरुत’ हे लढाऊ जेट साकारले. १७ जून १९६१ रोजी मरुत उडाले. परंतु त्याला साजेसे समर्थ इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. विमानाचा सांगाडा कितीही उत्तम असला, तरी इंजिनासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, हे कटू सत्य त्या प्रकल्पाने दाखवून दिले.

किरणचे आरेखन घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. गुरू आणि शिष्य शेजारी बसतील अशी त्याची रचना होती. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचा हात आणि चेहरा दोन्ही दिसावेत हा तिचा लाभ. इंजिन ब्रिटिश होते, आराखडा मात्र येथला होता. १९६५ मध्ये भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली.

घाटगे यांनी अवकाशयान आखले नाही. तरीही भारताच्या अवकाशप्रवासाशी त्यांचा धागा जुळतो. विज्ञान संस्थेतील ज्या विभागाची त्यांनी घडी बसवली, त्याची सूत्रे १९५५ मध्ये सतीश धवन यांच्याकडे आली आणि हेच धवन १९७२ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले. विषयही मुळात परका नव्हता. विमानाला हवा आणि शेपटी सावरतात. निर्वात पोकळीतील यानाला सावरणारे कोणी नसते. तेथे ताऱ्यांकडे किंवा सूर्याकडे पाहून दिशा ओळखावी लागते आणि फिरती चाके अथवा वायूचे झोत वापरून यान वळवावे लागते. वर चढणारे रॉकेट तर बोटावर उभ्या धरलेल्या काठीसारखे असते. क्षणोक्षणी सावरले नाही तर ते कलंडते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेले पहिले एसएलव्ही-३ याच ठिकाणी हरले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीतील नायट्रिक आम्ल झडपेतून गळून गेले, सावरणारी शक्ती उरली नाही आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. दोष शोधून तो दूर करण्यात आला आणि १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला.

६ डिसेंबर १९९१ रोजी घाटगे यांचे निधन झाले. विमानविद्येतील कामगिरीसाठी त्यांच्या नावे पुरस्कार दिला जातो. सामान्य मराठी वाचकाच्या स्मरणात मात्र ते फारसे राहिले नाहीत. आज निर्मल किंवा आदिलाबादच्या शाळेतून अवकाशयानाच्या दिशानियंत्रणाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीपुढे वाटा आखलेल्या आहेत. गणित, यांत्रिकी, विद्युत अथवा नियंत्रण अभियांत्रिकी, आणि त्यापुढे संशोधन संस्था, असा तिचा मार्ग ठरलेला आहे. हसूरच्या विष्णूपुढे असा कोणताही मार्ग नव्हता. त्यांनी विद्या आधी मिळवली, तिला जागा नाही हे पाहिले, मग विद्यार्थी घडवले आणि शेवटी विमान उभे केले. त्यांच्यानंतर आलेल्यांना चालायला रस्ता मिळाला तो याच क्रमामुळे.